गुडघे टेकूं नयेत म्हणून

मराठी भाषेंत गुडघ्याच्या वांट्याला मानाची जागा फारशी आलेली नाहीं. लग्नाला उतावळा झालेला मनुष्य गुडघ्याला बाशिंग बांधतो; ज्याला समजूत कमी त्याची अक्कल गुडघ्यांत असते; आणि जो हरला तो गुडघे टेकतो. उलट मांडीचा थाट पाहावा. पहिलवान आखाड्यांत उतरला कीं दंड-मांड्या थोपटतो, आणि बरोबरीचीं माणसें बसतात तीं मांडीला मांडी लावून. शरणागतीला गुडघा आणि आव्हानाला मांडी अशी वांटणी आपल्या वाडवडिलांनीं भाषेंत करून ठेविली आहे. शाळेंत मराठी आणि संस्कृत शिकवितांना हे वाक्प्रचार आम्हीं शेंकडों वेळां फळ्यावर लिहिले असतील. परंतु या दोन अवयवांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, आणि मांडी खचली म्हणजेच गुडघा टेकतो, ही गोष्ट आम्हांस निवृत्तीनंतर आमच्या नातीच्या दुखण्यानें शिकविली. ती शिकण्यापूर्वीं आमच्या हातून एक चूक घडली. तशीच चूक इतर घरांतूनहि मायेच्या पोटीं होत असेल, म्हणून हें लिहावयास बसलों आहों.

आमचें राहतें घर नांदेडास. थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त लातुरास असतात. त्यांची कन्या शिक्षणासाठीं आमच्यापाशीं आहे. वय चौदा, अंगानें सडपातळ, आणि शाळेच्या खो-खोच्या संघांत. कार्तिक महिन्यांत घरांतील मंडळी पहाटे गोदावरीवर गोवर्धन घाटावर गेली होती. पायऱ्या उतरतां उतरतां मागून येणाऱ्या आतेबहिणीशीं बोलावयास ती वळली. पाऊल पायरीवर रोवलेलें राहिलें आणि शरीर तेवढें फिरलें. एक किंकाळी ऐकूं आली. पाहतों तों गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकलेली! कोणीं तरी पाय सरळ करविला तेव्हां ती कट्‌ असा आवाज होऊन जागेवर आली. पायऱ्यांचा दोष नव्हता, कीं पाण्याचा नव्हता. ज्या पायऱ्यांवरून आमच्या घराच्या चार पिढ्या उतरल्या त्याच त्या पायऱ्या.

क्ष-किरणांनीं छायाचित्र काढलें. हाड शाबूत होतें. डॉक्टरांनीं पाय कांहीं आठवडे पट्ट्यांत बांधला आणि सांगितलें, "आतां विश्रांति द्या, सूज उतरली म्हणजे या कागदावरचे व्यायाम सुरू करा." या वाक्याचा पूर्वार्ध आम्हांस नीट ऐकूं आला. उत्तरार्ध ज्या कागदावर होता तो कागद आम्हीं घडी करून पंचांगांत ठेविला. तो पुढें सहा महिने तेथेंच होता.

नंतर घरांत आमचें राज्य सुरू झालें. खो-खो बंद, सायकल बंद, शाळेंत जिना चढावयाचा नाहीं, पाटावर बसावयाचें नाहीं, पाणी मागितलें तर जागेवर आणून द्यावयाचें. बाजारांतून गुडघ्यावर चढविण्याचा लवचिक पट्टा आणला. तो ती झोपेंतसुद्धां काढीत नसे. "नाजूक वस्तु जपून वापरावी" हा न्याय आम्हीं काचेच्या पेल्याप्रमाणें नातीच्या गुडघ्यासहि लावला. घरांतील सर्वांस तें पटलें, कारण त्यांत प्रेम होतें आणि कष्ट कोणालाच नव्हते. पोरगी मात्र खिडकीशीं बसून समोरच्या पटांगणावरील मुलें पाहत असे. आम्हीं तिला गोष्टींचीं पुस्तकें आणून दिलीं आणि आपण मोठें काम केलें असें मानिलें.

इतकें करूनहि शिमग्याच्या सुमारास एस. टी.तून उतरतांना वाटी पुन्हां सरकली. चैत्रांत तर देवघरासमोर नुसती वळतांना सरकली. पूर्वीं धांवतांना जें होत नव्हतें तें आतां चालतांना होऊं लागलें. पोर इतकी भ्यालेली कीं भिंतीला हात लावल्यावांचून उठेना. "आजोबा, माझा पाय आतां माझा राहिला नाहीं," असें ती एके रात्रीं म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडचें तें वाक्य अजून आमच्या कानांत आहे.

मे महिन्याच्या सुट्टींत तिला घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यानें लातुरास गेलों. तेथें चिरंजीवांनीं एका भौतिकोपचार करणाऱ्या बाईंची वेळ घेतली होती. वयानें त्या आमच्या सुनेएवढ्या असतील. त्यांनीं वाटीला हातहि लाविला नाहीं. शिंप्याची असते तशी फीत काढली आणि वाटीच्या वर सारख्या अंतरावर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. दुखऱ्या पायाची मांडी इंचाहून अधिक बारीक भरली. त्यांनीं फीत आमच्या हातीं दिली आणि म्हणाल्या, "काका, तुम्हीच मोजून बघा. हिला इतके दिवस बसवून कोणीं ठेवलं?"

सुनेनें खालीं पाहिलें. चिरंजीवांनीं बाहेर पाहिलें. उत्तर आम्हांसच द्यावें लागलें.

त्या बाईंनीं नंतर जें समजाविलें तें आमच्या शब्दांत सांगतों. गुडघ्याला संस्कृतांत 'जानु' म्हणतात. लॅटिनमधील 'गेनु' आणि इंग्रजींतील 'नी' हीं त्याच कुळांतलीं भावंडें. सुश्रुतानें शरीरांतील १०७ मर्मांत जानूची गणना केली आहे, आणि ज्यांना इजा झाल्यास मनुष्य मरत नाहीं पण विकल होतो अशा मर्मांत त्यास घातलें आहे. जानूला मार लागला तर लंगडेपण येतें असें तो सांगतो. मांडीचें हाड आणि नडगीचें हाड येथें एकमेकांवर टेकलेलें असतें. खुब्याच्या सांध्यांत खोल वाटींत गोळा बसलेला असतो, तशी खोबण येथें नाहीं. दोन हाडें एकमेकांना बांधणारे मुख्य अस्थिबंध चार: दोन बाजूंना दोन, आणि आंत एकमेकांवर फुली मारून दोन. पुढच्या अंगाला वाटी. ती विहिरीवरील कप्पीचें काम करते. मांडीच्या पुढील भागांतला बळकट स्नायु चार शिरांचा आहे. चारहि शिरा एकत्र येऊन वाटीला धरतात आणि तेथून नडगीला ओढतात. मांडीच्या हाडाच्या टोकाशीं एक पन्हळ असते, तिच्यांतून वाटी वरखालीं सरकते. पन्हळ उथळ असली, बंध सैल असले, आणि वर ओढणारा दोर ढिला पडला, तर ती एका बाजूला निसटणारच.

कांहीं माणसांचे सांधे मुळांतच सैल असतात. अंगठा मागें वळून मनगटाच्या आंतल्या बाजूला टेकतो, करंगळी उलटी वळते, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या पलीकडे जातो, पाय ताठ ठेवून वांकलें तर तळवे जमिनीला लागतात. यांवरून नऊ गुणांची परीक्षा घेण्याची रीत आहे. नातीला नवांपैकीं सात गुण मिळाले. शाळेंतल्या गणितांत तिला असे गुण कधीं पडले नव्हते! हा सैलपणा पुष्कळदां वंशानें येतो. घरीं आल्यावर आमच्या कुटुंबानें सहज आपला अंगठा वळवून पाहिला, तो मनगटाला टेकला. साठ वर्षांत ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती.

आतां मुख्य मुद्दा. सैल झालेला अस्थिबंध व्यायामानें आवळला जात नाहीं. त्याला तसा गुण नाहीं. परंतु स्नायु बळकट होतो, आणि बंधाचें पुष्कळसें काम तो आपल्या अंगावर घेतो. पुढचा स्नायु वाटीला पन्हळींत धरतो. मागचे स्नायु नडगीला पुढें घसरूं देत नाहींत. कुल्ल्याचे स्नायु मांडीला आंत वळूं देत नाहींत. गुडघा स्वतः फारसा कांहीं करीत नाहीं; वरचे आणि खालचे त्याला सांभाळून घेतात. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना ही व्यवस्था निराळी समजावून सांगावयास नको.

आणि ज्या स्नायूनें हें काम करावयाचें त्याची गंमत अशी कीं, तो निजला कीं झडतो. गुडघ्याला सूज आली म्हणजे मज्जातंतूंकडून मांडीच्या स्नायूला थांबण्याची आज्ञाच मिळते. तो आपोआप मंदावतो. त्यांत आपण वरून विश्रांतीची भर घालतों. मांडी बारीक होते, म्हणून गुडघा लचकतो. गुडघा लचकतो, म्हणून माणूस आणखी बसतो. बसतो, म्हणून मांडी आणखी बारीक होते. संस्कृतांत ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात त्याचें इतकें चोख उदाहरण आम्हांस तर्कशास्त्राच्या पुस्तकांतहि आढळलें नव्हतें, आणि तें आम्हीं स्वतःच्या घरांत तयार केलें होतें.

लातुराहून परत येतांना आमच्या मनांत सारखी किल्लारी येत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें कोसळलीं. जवळजवळ दहा हजार माणसें गेलीं. तेथील घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद होत्या. दगड कच्चा नव्हता. पण तो मातींत रचलेला होता, दोन दर्शनी थरांना आडवे बांधणारे दगड नव्हते, आणि वर माळवदाचें ओझें होतें. धक्का बसतांच दगड दगडापासून सुटला. पुढें जीं घरें बांधलीं त्यांत बांधणीवर लक्ष दिलें गेलें. त्या मोठ्या दुःखाची तुलना एका मुलीच्या गुडघ्याशीं करावयाची नाहीं. पण दगड कितीहि चांगला असला तरी घर बांधणीवर उभें राहतें, हा धडा आमच्या मुलखानें फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. तो शरीराला लावावयास आम्ही विसरलों इतकेंच.

आणखी एका गोष्टीनें आम्हांस ओशाळवाणें केलें. बाईंनीं लिहून दिलेल्या व्यायामांत शेवटचा होता तो ऊठबशांचा! ज्या ऊठबशा आम्हीं तीस वर्षें कान धरून मुलांना शिक्षा म्हणून काढावयास लाविल्या, त्याच येथें औषध म्हणून आल्या. आमच्या तालमींना हें औषध ठाऊकच होतें. निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले. अशा मल्लांच्या मांड्या जोर-बैठकांनींच घडत. ज्या गांवांत दवाखाना नव्हता तेथेंहि आखाडा असे. आम्ही पुस्तकी माणसें मात्र बैठकीचा एकच अर्थ जाणत होतों, तो म्हणजे गादीवरचा.

पश्चिमेकडेहि हें ज्ञान सहज आलें नाहीं. शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयांत दुसऱ्या महायुद्धांत जखमी झालेले सैनिक गुडघे धरून पडलेले असत. त्यांना हलके व्यायाम पुष्कळ वेळां करावयास लावण्याची चाल होती. गुण फार हळू येई. टॉमस डीलॉर्म नांवाच्या तरुण डॉक्टरानें पायांत लोखंडी जोडा बांधून, त्याला वजनें अडकवून, थोड्या वेळां पण जड उचलावयास लाविलें, आणि स्नायूला बळ येईल तसें वजन वाढवीत नेलें. सैनिक लवकर उभे राहिले. १९४५ सालीं त्यानें हा अनुभव प्रसिद्ध केला. हा डॉक्टर स्वतः कुमारवयांत संधिवातज्वरानें महिनेच्या महिने अंथरुणावर होता, आणि नंतर वजनें उचलूनच त्यानें आपलें शरीर सुधारलें होतें.

"तें तरुणांचें झालें, आमच्या वयाचें काय?" असें आमच्या पिढीचे वाचक विचारतील. आम्हींहि विचारलें. बोस्टन येथें मरिया फियाटारोने या डॉक्टर बाईंनीं ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनीं तो पुरा केला. त्यांच्या मांडीचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें, आणि एका पावलापुढें दुसरें पाऊल लावून चालण्याची गति ४८ टक्क्यांनीं. हा प्रयोग १९९० सालीं छापून आला. नव्वदीच्या माणसाचा स्नायु जर ऐकतो, तर साठीच्या माणसानें "आतां काय राहिलें" असें म्हणणें हा निव्वळ आळस होय.

आमच्या घरीं पुढें जो क्रम चालला तो सांगतों. पहिल्या पंधरवड्यांत दोनच प्रकार. पाय पसरून बसावें, गुडघ्याखालीं टॉवेलची वळकटी ठेवावी, आणि ती जमिनीवर दाबीत मांडी आवळावी. मनांत पांच आंकडे मोजावे, सोडावें. असें दहा वेळां. दुसरा प्रकार असा: उताणें निजून एक पाय दुमडावा, दुसऱ्या पायाची मांडी आधीं आवळावी, आणि मग तो पाय ताठ ठेवून दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलावा व सावकाश खालीं आणावा. श्वास रोखूं नये. हें दिवसांतून दोनदां.

नंतर कुशीवर निजून वरचा पाय ताठ उचलणें, म्हणजे कुल्ल्याला काम मिळतें. आणि उताणें निजून दोन्ही गुडघे दुमडून कंबर वर उचलणें, म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूस काम मिळतें. महिन्यानंतर ऊठबशा, पण तालमीच्या नव्हेत. खुर्चीवरून हात न टेकतां उठावें, आणि तीन आंकडे मोजीत बसावें. बसतांना धपकन पडूं नये, कारण खरें काम उतरतांना होतें. गुडघा पावलाच्या रेषेंत राहावा, आंत वळूं नये. त्यापुढें भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, एका वीटभर पायरीची चढ-उतर, आणि दाराच्या चौकटीला बोट लावून एका पायावर उभें राहणें. वजनासाठीं सुनेनें मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवल्या आणि त्यांत अर्धा-अर्धा किलो वाळू भरली. पुढें एक-एक किलो. घोट्याला बांधावयास त्या उत्तम. बारा वेळां सहज जमलें कीं वजन थोडें वाढवावें. वजन वाढेल तेव्हां एक दिवस आड करावें, म्हणजे स्नायूस भरून येण्यास वेळ मिळतो. पहिल्या महिन्यांत मांडी मोजली तर निराशा होते. बळ आधीं येतें, घेर मागून येतो.

कांहीं सावधगिरी. कोणीहि हा लेख वाचून एकदम पाय उचलावयास लागूं नये. गुडघा ताजा मुरगळला असेल, टचकन सूज आली असेल, तो मध्येंच अडकत असेल, किंवा तापासह लाल झाला असेल, तर आधीं डॉक्टर. आंतील बंध पार तुटला असेल, किंवा वाटी वारंवार निसटत असेल, तर कधीं कधीं शस्त्रक्रियाच लागते. तिच्या आधीं आणि नंतरहि मांडीचें बळ हवेंच. व्यायामानें स्नायूला ओढ बसावी. सांध्यांत कळ येऊं नये. दुसऱ्या दिवशीं गुडघा सुजला तर आपण घाई केली असें समजावें. तेलानें मालीश केल्यास बरें वाटतें, पट्ट्यानें धीर येतो. पण मांडीचें काम त्यांपैकीं कोणीहि करीत नाहीं.

आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे सातत्य. एकट्या मुलीला "जा, व्यायाम कर" म्हटलें तर ती चार दिवस करते. हें जाणून आम्हीं ठरविलें कीं दिवेलागणीनंतर शुभंकरोति झाल्यावर ओसरीवर सतरंजी अंथरावी आणि घरांतील सर्वांनीं बसावें. आमच्या कुटुंबाचे गुडघे झिजलेले. त्यांना वजनाविना तेच प्रकार दिले. आम्हांस पहिल्या दिवशीं खुर्चीवरून हात न टेकतां सहा वेळां उठतां आलें, सातव्या वेळेस धोतर सांवरीत आम्हीं खालीं बसलों. नात म्हणाली, "आजोबा, कान धरा, मग जमेल!" तीस वर्षांच्या शिष्यांचा सूड तिनें एका वाक्यांत उगविला. सारें घर हंसलें. आणि त्या दिवसापासून ऊठबशा मोजण्याचें काम तिच्याकडे गेलें.

मधल्या काळांत एकदां, श्रावणांत, वाटी किंचित सरकल्यासारखी तिला वाटली. आमचा जीव पुन्हां पूर्वीच्या वाटेला लागला. "आतां चार दिवस पडून राहा" हे शब्द ओठांवर आले. परंतु फीत कपाटांत होती, ती आठवली. लातुरास विचारलें, दोन दिवस हलकें करा आणि पुन्हां चालूं ठेवा, असें उत्तर आलें. तसेंच केलें. दसऱ्यापर्यंत दोन मांड्यांतील फरक पाव इंचावर आला. खो-खोच्या मैदानावर ती अजून उतरलेली नाहीं. दोन्ही पायांवर सारख्याच जोरानें उडी मारतां येईपर्यंत थांबावयाचें, असें बाईंनीं बजाविलें आहे. पण त्या दिवसाची तारीख ती आतां स्वतः सांगते, आम्हांस विचारीत नाहीं.

यंदाच्या कार्तिकांत ती पुन्हां घाटावर आली. पट्टा घरीं ठेविला होता. पहिल्या पायरीशीं आमचा हात संवयीनें पुढें झाला. तिनें तो धरला नाहीं. एक-एक पाऊल सरळ टाकीत ती खालीं गेली, पाण्यांत ओंजळ भरली आणि वर पाहून म्हणाली, "आजोबा, तुम्ही जपून उतरा. शेवटची पायरी उंच आहे."

आम्ही उतरलों. मांड्यांना काम पडलें, पण गुडघ्यानें तक्रार केली नाहीं. घरीं आल्यावर पंचांगांतला तो जुना कागद काढला आणि ओसरीच्या भिंतीला, सर्वांच्या डोळ्यांसमोर येईल असा, चिकटविला. ज्या घरांत असा एखादा कागद घडी करून ठेविला असेल, त्यांनीं तो आज संध्याकाळीं उघडावा, इतकीच विनंति.